‘तुम्हाला लपवायचंय काय?’ : तंत्रज्ञानावर अनोळखी माणसाशी वाद घालताना

मे महिना, रात्रीचे पावणेबारा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘‘ज्याने काही केलेलं नाही त्याला फोटो द्यायला हरकत काय? तुम्हाला लपवायचंय काय?’’ विषय होता गेटवरच्या नव्या ॲपचा. घरकामाला येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, आधार नंबर, येण्याजाण्याच्या वेळा त्यात नोंदल्या जात होत्या, आणि वर रहिवाशांना प्रत्येकाला पाचपैकी तारे द्यायची सोय. मी पाठीला उशी लावून अठरा ओळींचं उत्तर लिहिलं. त्यात राज्यघटना होती, चीन होता, शेवटी एक ठेवणीतला टोमणा होता. सकाळी बघते तर एकाहत्तर मेसेज. चार विषयाला धरून, बाकीचे पाहुण्यांच्या पार्किंगवर, आणि मधेच एका काकूंनी देवगड हापूसच्या पेटीचा भाव टाकलेला.

पुण्यात सिंहगड रोडची आमची सोसायटी नऊ इमारतींची आहे, सहाशेच्या वर फ्लॅट. ज्यांना मी उत्तर दिलं त्यांच्या प्रोफाइलवर सूर्यास्ताचा फोटो आणि नावाच्या जागी नुसता ठिपका. एकाच गेटमधून जाणारे-येणारे, पण एकमेकांना पूर्ण अनोळखी. एक्सवर किंवा रेडिटवर भेटणाऱ्या माणसाइतकेच. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या, त्यामुळे अशा वादात उडी मारायची सवय जुनी. त्यात खाल्लेल्या आपटीतून जी रीत हाती लागली ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

१. उतरायचं का, ते आधी ठरवा

गौतमाच्या न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसले तर तो वाद. जिंकायचंच म्हणून वाटेल ती युक्ती वापरून बोलणं हा जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहायची ती वितंडा. आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो तिथूनच आला. ग्रुपवर तिन्ही एकाच वेळी चालू असतात आणि लिहिण्याची ढब सारखीच दिसते, म्हणून ओळखायला एक प्रश्न विचारून बघा: ‘‘असं काय घडलं तर तुम्ही स्वतःच म्हणाल की हे नको?’’

सूर्यास्तवाल्यांना मी हे (दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर) विचारलं. उत्तर आलं, ‘‘फोटो बाहेर फुटले तर.’’ म्हणजे बोलायला जागा आहे. दुसऱ्या एकाने लिहिलं, ‘‘तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत खोडा घालायचाच असतो.’’ त्यांना मी एकदाच, माहितीपुरतं उत्तर दिलं आणि सोडून दिलं. ते एक उत्तरही त्यांच्यासाठी नव्हतं. सहाशेंत लिहिणारे वीसेक असतात, बाकीचे गॅलरीत उभं राहून भांडण बघावं तसे गुपचूप वाचतात, आणि सभेत हात त्यांचेच वर होतात.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारायचा असतो. माझ्याकडे त्या रात्री उत्तर नव्हतं. कितीही चांगलं ॲप आणलं असतं तरी मी विरोधच केला असता. माझं अठरा ओळींचं उत्तर निखळ जल्प होतं.

२. धागे सुटे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तंत्रज्ञानावरच्या बहुतेक भांडणांत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. याचा खरंच उपयोग होतो का? नको म्हणायची मुभा कुणाला आहे? आणि याचा बोजा कुणाच्या अंगावर पडतो? एक जण पहिल्याचं उत्तर देत असतो, दुसरा दुसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटतं समोरचा मुद्दाम वेड पांघरतोय.

पुणेकरांना हे समजायला हेल्मेटसक्तीइतकं सोपं उदाहरण नाही. दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं करणारं कलम १२९ मोटार वाहन कायद्यात, म्हणजे १९८८ च्या कायद्यात, आहेच, आणि १ जानेवारी २०१९ ला पोलिसांनी शहरात कडक कारवाई सुरू केली तेव्हा निषेधाचे मोर्चे निघाले. त्या वादात कुणी म्हणायचं, हेल्मेटने डोकं वाचतं. खरं आहे, पण ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. समोरचा म्हणायचा, माझं डोकं, माझी जबाबदारी. हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि डोकं वाचतं हे शंभरदा सिद्ध केलंत तरी ते खोडलं जात नाही. ते खोडायचं तर वेगळं काहीतरी दाखवावं लागतं: अपघातानंतर रुग्णालयाचा खर्च, घरच्यांची फरपट, म्हणजे ते डोकं नुसतं एकट्याचं नसतं. तिसरा प्रश्न मात्र कुणी फारसा काढला नाही. कॅमेऱ्यावरून घरी येणारं चलन चाकरमान्याला किती लागतं आणि दिवसभर दुचाकीवर पार्सलं पोचवणाऱ्या पोराला किती?

याहून जुनं उदाहरणही याच शहरातलं आहे. १८९१ चं संमतिवयाचं विधेयक. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं होतं. टिळकांचा विरोध मुख्यतः या मुद्द्यावर होता की आमच्या सामाजिक चालीरीतींत परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये. आगरकर ‘सुधारक’मधून सुधारणेच्या बाजूने लढत होते. म्हणजे एकाचा प्रश्न ‘ठरवणार कोण’ हा आणि दुसऱ्याचा ‘होणं इष्ट आहे का’ हा. ‘हे कोण ठरवणार’ असं विचारणं मला गैर वाटत नाही. आज सरकार किंवा एखादी कंपनी आपल्यासाठी काही ठरवते तेव्हा आपणही तेच विचारतो. पण त्या सगळ्या गदारोळात दहा वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिसरा प्रश्न तिचा होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता गेटवरच्या ॲपवर हे लावून बघा. चोऱ्या कमी होतात का, हा एक धागा. मला नको असेल तर मी वहीत सही करून आत येऊ शकते का, हा दुसरा. आणि तिसरा: आमच्या ॲपमध्ये रहिवाशांनी स्वतःचा फोटो द्यायचा नव्हता, तारेही त्यांना कुणी देणार नव्हतं. धागे वेगळे करून मी ग्रुपवर इतकंच टाकलं: ‘‘आपण तीन गोष्टींवर एकदम बोलतोय. आज फक्त पहिलीवर बोलूया का?’’ अर्ध्या लोकांचा उत्साह तिथेच मावळला, कारण पहिली गोष्ट कंटाळवाणी होती. गेल्या वर्षी सोसायटीत चोऱ्या किती झाल्या आणि त्यातल्या किती गेटवरच्या नोंदीने उघडकीला आल्या? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीन, दुसऱ्याचं शून्य. दोन चोऱ्या सायकलींच्या होत्या, आणि सायकली नेणारी पोरं आतलीच निघाली.

३. त्यांची बाजू तुम्ही लिहून दाखवा

जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडायचं, आणि मग उत्तरपक्ष. ही पायरी लोक सौजन्य समजून गाळतात. मी तिला वेळ वाचवायची युक्ती समजते.

मी लिहिलं होतं ते साधारण असं: ‘‘तुमचं म्हणणं मला असं कळलं. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झालेलं हे शहर आहे, सावधगिरी म्हणजे वेड नव्हे. आपल्या गेटवरच्या वहीत कुणीही काहीही लिहितं. परवाच्या पानावर एका पाहुण्याचं नाव ‘स्वतः’ असं आहे. सुरक्षारक्षक दर तीन महिन्यांनी बदलतो, तो चेहरे ओळखणार कसा? फोटो असला तर निदान विचारता येईल. बरोबर लिहिलंय का?’’

वीस मिनिटांनी उत्तर आलं. ‘‘बरोबर. एक राहिलं. आई दिवसभर एकटी असते, तिला नीट दिसत नाही. दार कुणाला उघडलं ते तिला सांगता येत नाही.’’

अठरा ओळी लिहिताना हे माझ्या डोक्यातही नव्हतं. चीनचा आणि त्या आजींचा काही संबंध नव्हता. त्यानंतर आमच्या दोघांच्या लिहिण्यातला ‘अहो’ बदलला. आधी त्यात कुत्सितपणा होता, नंतर तो नुसता अहो राहिला.

४. शब्द तपासा

न्यायशास्त्रातच ‘छल’ नावाचा प्रकार आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण नवकंबलाचं. एक जण म्हणतो, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवं कांबळं. दुसरा म्हणतो, नऊ कुठली, एकच तर दिसतंय. आपल्या वादांत हे नकळत होतं. तीन शब्द मी आता आधीच विचारून घेते.

पहिला ‘ऐच्छिक’. पुण्याच्या विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रा आहे, चेहरा दाखवून आत जायची सोय. ती ऐच्छिक आहे, ओळखपत्र दाखवून जायचा मार्गही आहे. अशा कुठल्याही सोयीबाबत ऐच्छिकपणा जोखायचा तर जो नको म्हणतो त्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. त्याची रांग तितकीच लांब आहे का? त्याला ‘का हो, काही अडचण?’ असं विचारलं जातं का? आमच्या गेटवर ॲप ‘ऐच्छिक’ होतं, मात्र नोंदणी नसलेल्या बाईसाठी प्रत्येक घरातून फोन करून परवानगी घ्यायची. सहा घरं करणाऱ्या बाईने सहा फोनची वाट बघायची. मग ऐच्छिक कसलं ते?

दुसरा ‘फुकट’. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही मावतात. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना तो फरक समजावत बसावं लागतंय. आपल्याकडे दोन शब्द सरळ हाताशी आहेत, तर ते वापरा. सोसायटीला ॲप फुकट मिळतंय, हा मुद्दा आला की विचारा, मग कंपनीचा पगार कोण देतं? फेसबुकने मोजक्या संकेतस्थळांपुरतं फुकट इंटरनेट देणारं ‘फ्री बेसिक्स’ आणलं तेव्हा हाच प्रश्न देशभर विचारला गेला आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने मजकूर बघून वेगवेगळे डेटा दर लावायला मनाई केली. फुकट इंटरनेट नाकारणारे गरिबांचे शत्रू आहेत, असं तेव्हाही म्हटलं गेलं होतं.

तिसरा ‘खासगीपणा’. आपल्याला वाटतं ही दुबळ्याची ढाल. पण वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, हा त्या कलमातला भाग गेला. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग शिल्लक आहे, तरी माहिती अधिकार वापरणाऱ्यांना याची धास्ती आहे, आणि पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत. २००५ मध्ये कायदा लागू झाला तेव्हा देशातला पहिला अर्ज इथल्याच एका पोलीस ठाण्यात दिला गेला होता. तेव्हा ‘मी खासगीपणाच्या बाजूची’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. कुणाचा खासगीपणा आणि कुणापासून, हे सांगावं लागतं.

५. कायद्याचा हवाला देताना

कायदा टाकला की समोरचा गप्प बसेल, असं वाटतं. तो बसतो, पण पटल्यामुळे नव्हे, आणि चुकीचा टाकलात तर तुमचं उरलेलंही कुणी ऐकत नाही. थोडक्यात जपून वापरायच्या गोष्टी अशा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारने त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग वैध हेतू, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आता हे घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीवर राज्यघटनेतलं ‘कलम २१’ म्हणून धावून जाऊ नका. तो निकाल मुख्यतः सरकारच्या संदर्भातला. मात्र त्यातल्या कसोट्या साध्या मराठीत प्रश्न म्हणून कुठेही चालतात: हे कुठल्या ठरावाने आणलं? कशासाठी? आणि तेवढ्यासाठी एवढं लागतं का? गेटवर चेहरा ओळखायला फोटो लागेल, आधार नंबर कशाला?

२६ सप्टेंबर २०१८ चा आधारचा निकाल लोक अर्धवट सांगतात. ‘आधार रद्द झालं’ हे खोटं. आधार टिकलं, पॅनशी जोडणीही टिकली. बँक खातं आणि मोबाइल सिमची सक्ती गेली आणि खासगी कंपन्यांना आधार मागायची जी मुभा कलम ५७ देत होतं ती गेली. (आधारची सुरुवात २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली, हे सांगितलं की ग्रुपवर निदान एक जण ‘माहीत नव्हतं’ म्हणतो. वातावरण निवळायला बरं असतं.)

माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, कळून-सवरून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीतही. दंड २५० कोटींपर्यंत. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापासून अठरा महिन्यांची मुदत आहे, हे न सांगता ‘अडीचशे कोटींचा दंड होईल’ असं लिहिणं म्हणजे धमकी झाली. मी एकदा लिहिलं होतं. सी विंगमधल्या एका वकीलबाईंनी तिथेच कान टोचले.

६. जो ग्रुपवर नाही त्याला जाऊन विचारा

या पायरीने माझा सगळा युक्तिवाद उलटापालटा केला.

पंधरा दिवस मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या वतीने भांडत होते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. एका सकाळी त्या भांडी घासत होत्या, मी चहा ठेवला आणि विषय काढला. म्हटलं, फोटो काढला, वेळ टिपली, तुम्हाला कसं वाटलं? त्यांनी हात पुसून फोनवर नोंद दाखवली. ‘‘हे बरंय की ताई. ए विंगला दोन खाडे धरले माझे. मी म्हटलं, आलेवते, हे बघा सात-दहाला आत, आठ-पाचला बाहेर. पैशे द्यावे लागले त्यांना.’’

मी गप्प. ज्याला मी पाळत म्हणत होते तो त्यांचा पुरावा होता.

मग म्हटलं, आणि तारे? त्यांनी तोंड वाकडं केलं. ‘‘ते नगं. सुट्टी घेतली तर दोन दिले एकीनं. दुसरीकडं काम मागाय गेले तर तिनं आधी तेच बघितलं. आणि जाताना पिशवी तपासत्यात. माणसं बघत असत्यात की समोर.’’ पिशवीचा विषय तर आमच्या एकाहत्तर मेसेजमध्ये कुठेच नव्हता, कारण तिथे ॲपच नव्हतं, जुनीच पद्धत होती, आणि तिच्याबद्दल कुणालाच काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

तेव्हा वादात ‘गरीब माणसाला त्रास होईल’ असं लिहायच्या आधी एक तरी माणूस गाठा. बाइक टॅक्सीवर बोलायचं असेल तर रिक्षावाल्याशीही बोला आणि बाइक चालवणाऱ्या पोराशीही. २८ नोव्हेंबर २०२२ ला बाइक टॅक्सीच्या विरोधात पुण्यात रिक्षा बंद होत्या तेव्हा ऑनलाइन सगळे ‘स्पर्धा हवी’ किंवा ‘पोटावर पाय’ या दोनपैकी एका बाजूला होते. रिक्षाला परवाना, बॅज, सरकारने ठरवलेलं भाडं. खासगी नंबरप्लेटच्या दुचाकीला यातलं काही नाही. रिक्षावाल्याची तक्रार तंत्रज्ञानाबद्दल नव्हतीच, एकाला नियम आणि दुसऱ्याला मोकळं रान, याबद्दल होती. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रॅपिडो या बाइक टॅक्सीवाल्या कंपनीला सेवा थांबवायला लावली ती परवान्याच्याच प्रश्नावर. आणि दुसऱ्या बाजूला, ज्याच्याकडे जुनी दुचाकी सोडून काही नाही तो पोरगा परवाना कुठून आणणार? दोघांशी बोललात की तुमचं मत पहिल्याइतकं टोकदार राहत नाही. वाद मात्र सुधारतो.

ऐकलेलं ग्रुपवर सांगताना नाव, विंग, घर काहीही देऊ नका. ‘‘इथे काम करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं’’ एवढं पुरे. आणि आधी त्यांना विचारा. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘सांगा, पण ए विंगचं सांगू नका.’’ इथे लिहायलाही त्यांची हरकत नव्हती, विंगचं अक्षर तेवढं बदलायला सांगितलं.

७. लिहिताना

एका मेसेजमध्ये एकच मुद्दा. ज्याला उत्तर देताय त्याच्या मेसेजला धरून द्या, नाहीतर मधे पाण्याच्या टँकरची सूचना येते आणि तुमचं ‘नाही’ तिला चिकटतं. व्हॉइस नोट पाठवू नका. चार मिनिटं कुणी ऐकत नाही आणि आवाजातली चीड तेवढी पोचते. रात्री दहानंतर लिहा हवं तर, पाठवा सकाळी.

टोमणा ही आपल्या शहराची खोड. समोरासमोर तो चालतो, कारण सोबत चेहरा असतो. अनोळखी माणसाला लेखी टोमणा मारला की त्याच्यापुढे चिडणं एवढंच उरतं. ‘शिकलेसवरलेले असून’, ‘तुम्हाला कळेल असं सांगते’, ‘असो’ हे तीन पुसून मग पाठवायचं, असा माझा नियम आहे. ‘असो’ तर सगळ्यात वाईट. दार आपटून जाण्याचं ते लेखी रूप आहे.

आकडा किंवा फॉरवर्ड आला तर तो कुठला, कधीचा, एवढंच विचारा, खोटं म्हणू नका. फॉरवर्डला हलक्यात मात्र घेऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. ‘अनोळखी माणूस सोसायटीत दिसला’ अशा फोटोसह मेसेज आला की मी वाद बाजूला ठेवून थेट सुरक्षारक्षकाला फोन लावते. बहुतेक वेळा तो गॅसवाला असतो.

८. स्वतःला सांभाळा

ग्रुपवर तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. खासगीत कुणी शिव्या दिल्या तर उत्तर न देता स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा. समाजमाध्यमांवर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. आयटी कायद्याचं ६६ अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम, २०१५ मध्येच रद्द झालं, पण त्यामुळे वाटेल ते लिहायची सूट मिळत नाही. बदनामीचं कलम जागेवर आहे, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. ‘समितीने पैसे खाल्ले’ आणि ‘निविदा किती आल्या होत्या?’ यांतलं दुसरं लिहा.

ॲडमिनला वेठीला धरू नका. सदस्याच्या पोस्टसाठी, समान हेतू नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. आमचे ॲडमिन जोशीकाका हे वाक्य पिन करून ठेवतील.

९. वाद सभेत न्या

ऑनलाइन वादाला शेवट नसतो, ठरावाला असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. तुमचा विषय त्याच्याही आधी लेखी द्या, पोच घ्या. ‘ऐनवेळच्या विषयांत बघू’ म्हणाले तर मान्य करू नका. तोपर्यंत निम्मे लोक वड्यांकडे गेलेले असतात.

मसुदा मी आणि सूर्यास्तवाल्यांनी मिळून केला. एक: तारे आणि शेरे बंद. दोन: येण्याजाण्याची नोंद राहील, ती कामाला येणाऱ्यांनाही बघता येईल, काम सुटल्यावर तीस दिवसांत पुसली जाईल, आधार नंबर घ्यायचा नाही. तीन: ज्याला ॲप नको त्याच्यासाठी वही चालू राहील, फोनची अट नाही. चार: पिशव्या तपासणं बंद. तिसऱ्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि तसं त्यांनी सभेत उठून सांगितलं.

गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी भरली. पहिले दोन मंजूर. तिसरा पडला. चौथ्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला आणि तो ‘समितीने विचार करावा’ या खड्ड्यात गेला. पुढच्या वर्षीसाठी मी जूनमध्येच पत्र देणार आहे. इतिवृत्ताची प्रत मिळाली, त्यात ‘तारे बंद’च्या जागी ‘तारण बंद’ छापलंय, ते दुरुस्त करून घ्यायचं राहिलंय.